रिकाम्या खणाची शाबासकी

मी एक जुना, सात खणांचा गोळ्यांचा डबा आहे, आणि मित्रांनो, माझ्या हातून चूक म्हणून होत नाही. निदान त्या मंगळवारपर्यंत मी असंच समजत होतो.

एका प्लॅस्टिकच्या कारखान्यातून मी शिंपीमास्तरांच्या घरी आलो. मास्तरांचं मन तेव्हा कशातच लागत नव्हतं. जेवण नको, मशीन नको, बोलणं नको. डॉक्टरीणबाईंनी उदासीवरची गोळी दिली, रोज सकाळी एक. मास्तरीणबाई रविवारी माझे खण भरायच्या. दोन महिन्यांत मास्तर शिट्टी वाजवत कापड बेतायला लागले. बाई रिकामा खण बघून म्हणायच्या, "गुणाचा आहे हो डबा." मी फुगायचो.

पण खण रिकामा झाला म्हणजे गोळी पोटातच गेली, असं थोडंच आहे? "बरा झालेला माणूस कशाला औषध खाईल," असं पुटपुटत मास्तर रोजची गोळी बटणांच्या डब्यात टाकायला लागले. मला तोंड नाही, नुसती झाकणं आहेत. माझा जीव आतल्या आत वरखाली व्हायचा.

आठवड्याभरात मास्तरांना गरगरायला लागलं. झोप उडाली, डोक्यात झिणझिण्या यायच्या. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला त्यांनी तीन बाह्या लावल्या.

"अहो, गोळी घेताय ना?"

"डबा बघ की. तो खोटं बोलतोय का?"

मंगळवारी तीन वर्षांची नात डब्यातल्या बटणांशी खेळत बसली. तिच्या मुठीत चार गोळ्या निघाल्या. पाचवी ओठाशी होती, ती बाईंनी हिसकावली. मास्तरांनी बटणांतून उरलेल्या गोळ्या वेचून काढल्या.

तिघंही तडक दवाखान्यात गेले. मीही पिशवीत होतोच. नातीच्या पोटात काही गेलं नव्हतं.

"बरं वाटत होतं ते गोळीमुळेच, मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बंद करायची तर मला विचारून, हळूहळू कमी करत."

"आधी सांगायचं की हो."

"सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा माझ्या कोटाची शिवण बघत होतात. आता सुरू करायची ती मी सांगते तेवढीच. चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आणि डबा कुलपात."

मित्रांनो, रिकाम्या खणाला शाबासकी देऊ नका. गोळी घेणाऱ्या माणसाला विचारा, कसं वाटतंय.

आता मी कपाटात राहतो. कपाटाची किल्ली नातीच्या हाती लागू नये म्हणून बाईंनी काल ती माझ्या शुक्रवारच्या खणात ठेवली, मला आत ठेवलं आणि दाबलं की बसणारं कपाटाचं कुलूप दाबलं. सकाळचे नऊ वाजलेत. मास्तर पाण्याचा पेला घेऊन बाहेर उभे आहेत.