पाहुण्यांच्या हातातली गोफण

या मित्रांनो, बसा. पण जरा अंतर राखून बसा. मी एक जुनी गोफण आहे आणि माझा स्वभाव तापट आहे.

गेवराई तालुक्यात, उमापूरच्या शिवारात, मंजुळाबाईच्या ज्वारीच्या रानात माझे आयुष्य गेले. दोन दोऱ्या आणि मधे विणलेली एक पट्टी, एवढेच माझे शरीर. एका दोरीच्या टोकाला फासा असतो, तो बोटात अडकवायचा. दुसरी दोरी मुठीत धरायची. पट्टीत दगड ठेवायचा, डोक्याभोवती तीन फेरे द्यायचे आणि मुठीतली दोरी सोडून द्यायची. ऐकायला सोपे वाटते. पण ती दोरी सोडायला डोळ्याची पापणी लवण्याइतका उशीर झाला, तरी दगड भलतीकडे जातो. माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्मच मार खात झाला. मी आधी अंबाडी होते, बांधावर उभी होते. मंजुळाबाईने मला विळ्याने बुडापासून कापले, पेंढ्या बांधल्या आणि नाल्याच्या पाण्यात बुडवून वर धोंडे ठेवले. पंधरा दिवस मी तिथे सडले. मग तिने मला बाहेर काढून खडकावर आपटले, माझी साल सोलली आणि ती मांडीवर घासून घासून पीळ दिला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असे लोक उगीच म्हणत नाहीत. माझ्यातला तो पीळ अजून तसाच आहे.

मंजुळाबाईचा नवरा लवकर वारला. मुलगा तानाजी तेव्हा झोळीत होता. एकट्या बाईचे रान म्हणजे सगळ्यांची खाऊगल्ली. पाखरे येत, ढोरे येत, माणसेही येत. मंजुळाबाई रानातल्या उंच लाकडी माळ्यावर चढून उभी राही आणि मला फिरवी. मी सपकन वाजले की थवेच्या थवे उठत. सगळेच उठत असे नाही. किती राघू मी कणसावरून खाली पाडले, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. पंख फडफडायचे, ज्वारीची पाने हलायची आणि मग हलायची थांबायची. खोटे कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटे.

एका सकाळी रानडुक्कर आले. त्याने आधी राखणीच्या कुत्र्याचे पोट फाडले आणि मग ते मंजुळाबाईकडे वळले. तिने माळ्यावरून उतरायची चूक केली होती. पळायला जागा नव्हती. तिने मला तीनच फेरे दिले आणि दगड त्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध बसला. डुक्कर गुडघ्यावर आले, पुन्हा उठले आणि रक्त सांडत नाल्याकडे पळाले. शेजारच्या सटवाने बांध कोरला, तेव्हा त्याच्याही कानाची पाळी मीच फाडली. त्यानंतर त्याने बांधाला हात लावला नाही. पुढे त्याचे आणि मंजुळाबाईचे बरे जमलेही, पण तो माझ्याकडे कधी सरळ नजरेने पाहत नसे. उमापुरात लोक म्हणत, मंजुळाबाईची जीभ परवडली, गोफण नको.

मग दिवस पालटले. रानोमाळ कापूस आणि ऊस झाला, ज्वारीची एकच पट्टी उरली. पाखरांना घाबरवायला तानाजीने चमचमत्या पट्ट्या बांधल्या. मी छपराच्या खुंटीवर धूळ खात पडले. उंदराने माझी एक गाठ कुरतडली, तेव्हा मला फार राग आला, पण खुंटीवरच्या गोफणीचा राग कोण विचारतो?

मला खाली काढले ते शहरातल्या माणसांनी. तानाजीने हुरडा पार्टी सुरू केली होती. थंडीच्या दिवसांत संभाजीनगरहून लोक सकाळी गाडीत बसून येत, दिवसभर रानात हिंडत, बैलगाडीत बसत, आगटीभोवती बसून कोवळा हुरडा खात आणि अंधार पडायच्या आत परत जात. आगटी म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवाचा खड्डा. त्यात कणसे भाजायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढायचे. हे काम खाजामियाँ करत. उमापुरात त्यांचा पेरूचा गाडा होता. तानाजीच्या बापाचे ते जिवाभावाचे दोस्त होते. तानाजीला पोहायला, सायकल चालवायला त्यांनीच शिकवले होते. तो त्यांना चाचा म्हणे. विस्तवातले कणीस ते असे सहज उचलत की शहरातल्या बायका आपलेच हात झाडत.

पूर्वी हुरडा विकत नसत. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून बसवत आणि हुरड्याला बसलेल्या पाहुण्याला कशालाच नाही म्हणत नसत. पार्टी सुरू झाली, हुरडा विकला जाऊ लागला, पण ती जुनी रीत मात्र तानाजीने तशीच ठेवली. आता त्या रीतीला मोबाईलची भीतीही येऊन मिळाली. पाहुणा नाराज झाला तर नेटवर एकच तारा देतो आणि पुढच्या रविवारी कोणी येत नाही.

तानाजीने मला बाभळीला टांगले आणि शेजारी पाटी लावली, 'गोफण चालवून पाहा'. मंजुळाबाईने मात्र एक नियम घातला होता. पाहुण्याच्या हातात दगड द्यायचा नाही. त्यांच्यासाठी ती काळ्या मातीची ढेकळे घमेल्यात भरून ठेवी. ढेकूळ कुणाला लागले तरी फुटून जाते. पाहुणे मला उलटी धरत, फोटो काढत, ढेकूळ स्वतःच्याच पायावर पाडून हसत. माझी लाज जाई, पण रक्त कुणाचे निघत नसे.

त्या रविवारी चौघे तरुण आले. त्यांच्यात सुरज नावाचा होता, तोच गाडी चालवत होता आणि बाकीचे त्याच्याच तोंडाकडे बघून हसत होते. दोन ढेकळे फेकून त्याला कंटाळा आला. त्याने बांधावरचा गोटा उचलला.

मंजुळाबाई लगेच उठली. ती म्हणाली, "दगड नको, बाबा. ढेकूळ घे."

तानाजी तिच्या कानाशी गेला. "पाहुणे हायत, आई. राहू दे."

ती पुन्हा खाली बसली. मित्रांनो, मी खरे सांगते, मला त्या वेळी आनंद झाला. कित्येक वर्षांनी माझ्या पट्टीत खरा दगड आला होता.

पहिला गोटा राघूंच्या थव्यात गेला. एक राघू ज्वारीत पडला आणि पंख आपटू लागला. चौघे धावत गेले. त्यांनी त्याला पायाने उलटा केला आणि तो मरेपर्यंत मोबाईलमध्ये चित्रीकरण केले. दुसरा गोटा बैलगाडीला जुंपलेल्या बैलाच्या बरगडीवर बसला. बैल हंबरून उधळला, गाडी बांधावर आपटली आणि जू मोडले. मंजुळाबाई बैलाकडे धावली. तानाजीचे दात एकमेकांवर घासलेले मला ऐकू आले, तरी तो तोंडभर हसला आणि म्हणाला की होतं असं, नवीन माणसाचं. खाजामियाँ आगटीपाशी खाली मान घालून त्याच चौघांसाठी कणीस चोळत होते.

तिसऱ्या वेळी सुरजने मला तीन नव्हे, सहा-सात फेरे दिले. मित्र जोरजोरात मोजत होते. त्याची बोटे घामेजली होती. दोरी उशिरा सुटली आणि दगड पुढे न जाता मागे, आगटीकडे गेला.

ओल्या नारळासारखा आवाज झाला. खाजामियाँ एका कुशीवर कलंडले. त्यांनी डाव्या डोळ्यावर दोन्ही हात दाबले आणि बोटांच्या फटींतून रक्त हुरड्याच्या ताटात पडू लागले. गरम दाण्यांवर ते चरचरले.

सुरजने मला तिथेच टाकले. चुकून झालं, चुकून झालं, असे म्हणत चौघे गाडीकडे पळाले. तानाजीने मला उचलले. त्याच्या हातात मी लहानपणापासून होते, त्याला फेरे मोजावे लागत नव्हते. पहिल्याच दगडात गाडीची मागची काच फुटली. गाडी घाबरून पाटात उतरली आणि चाके चिखलात गरगर फिरू लागली. तेवढ्यात सटवा आणि आजूबाजूच्या रानांतली माणसे काठ्या घेऊन धावत आली. त्यांनी दारे उघडून पोरांना केसाला धरून बाहेर ओढले. एकाचा हात पिरगळून मोडला, तो कडाड आवाज मला अजून आठवतो. दुसऱ्याच्या तोंडातून दात आणि रक्त एकदमच बाहेर आले. तिसरा चिखलात पालथा पडून पाठीवर काठ्या झेलत होता. सुरज तेवढा निसटला आणि गाडीच्या चाकाआड दडला. त्याचे अर्धे डोके दिसत होते.

तानाजी त्याच्यापासून दहा पावलांवर थांबला. त्याने मुठीएवढा दगड माझ्यात ठेवला आणि मला फिरवायला सुरुवात केली. इतक्या जवळून तो चुकणे शक्य नव्हते. डुकराचे कपाळ मला ठाऊक होते, माणसाचे त्याहून मऊ असते. ते डोके मला हवे होते. सोड, सोड, असे मी मनातल्या मनात म्हणत होते. सटवाची माणसेही काठ्या थांबवून बघत राहिली.

तेवढ्यात खाजामियाँ मधे आले. मंजुळाबाईने त्यांना कोपराला धरून आणले होते. पदराचा बोळा डोळ्यावर होता आणि सदरा पार भिजला होता. ते चाकापुढे उभे राहिले आणि फार हळू बोलले.

"ठेव दगड खाली, तान्या. एक डोळा गेला माझा. दुसऱ्यानं तुला बेड्यात बघायचं न्हाई मला."

मी आणखी दोन फेरे फिरले. मग फेरे मंदावले आणि दगड चिखलात पडला. तानाजी तिथेच मटकन बसला.

बसायला वेळ कुठे होता? रानात गाडी एकच होती, ती त्या पोरांची. ज्या माणसांनी त्यांना मारले होते त्यांनीच ती ढकलून पाटातून वर काढली. तानाजी चालवायला बसला. मागे फुटक्या काचांवर पोते टाकून खाजामियाँना निजवले आणि सुरजला त्यांच्या उशाशी बसवले. मंजुळाबाईने त्याचा हात धरून त्या बोळ्यावर ठेवला. तिने त्याला बजावले की बीडचा दवाखाना येईपर्यंत हात उचलायचा नाही. उरलेल्या तिघांना सटवाने आपल्या ट्रॅक्टरवर घालून मागोमाग नेले.

डोळा वाचला नाही. खाजामियाँनी पोलिसांना सांगितले की दगड चुकून लागला. पोरांनीही मार खाल्ल्याचे कुठे बोलून दाखवले नाही. सुरज दवाखान्यात दोनदा आला, नंतर दिसला नाही.

तानाजीला मला जाळायचे होते. त्याने मला आगटीवर धरलेही होते. मंजुळाबाईने माझा फासा कापून टाकला आणि मला पुन्हा बाभळीला बांधले. फासा नसलेली गोफण कुणालाच चालवता येत नाही. तिने तानाजीला सांगितले की ही इथेच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहील.

यंदा थंडीत पुन्हा शहरातून गाड्या येऊ लागल्या. खाजामियाँ पुन्हा आगटीपाशी बसतात. आता एकाच डोळ्याने कणीस निवडतात, त्यामुळे हात कधीमधी भाजतो. परवा एक लहान मुलगी आईबाबांबरोबर आली होती. तिने हुरडा घेताना त्यांना विचारले की आजोबा, डोळ्याला काय झाले. ते म्हणाले, गोफणीचा दगड लागला. तिने विचारले की कुणी मारला. खाजामियाँ कणीस चोळत राहिले.

तानाजी गोवऱ्या सारत होता. त्याने मान वर केली नाही.

"मी," तो म्हणाला.

मला बाभळीवरून ओरडावेसे वाटले की हे खोटे आहे, त्याने नाही मारला. पण मित्रांनो, त्या वेळी ते डोके मागणारी मी कोणत्या तोंडाने ओरडणार होते? मुलगी दोन पावले मागे सरली आणि आईच्या पाठीशी उभी राहिली. खाजामियाँनी तानाजीकडे पाहिले, पण ते त्याला खोटा म्हणाले नाहीत.

जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मला जपू नका. उन्हापावसात माझा सुंभ कुजून जाईल आणि ते बरेच होईल. तुम्ही फक्त आपल्या दारी आलेल्या माणसाला वेळेवर नाही म्हणायला शिका, कारण त्या एका शब्दावाचून चाचांचा डोळा गेला.