मोज्याला रगत

"हात घालतीस का नापास लिहू?" सर ओरडले.

"त्याच्या हातमोज्याला रगत आलंय, सर. रगत दिसलं की थांबायचं, तुमीच शिकवलं ना वर्गात?"

"ते वर्गात. इथं परीक्षा चालूय."

पोरं खी खी हसली. मी गाय अडकवायच्या खोड्यापुढं पवळीचं दावं धरून उभा होतो. माझं डोकं तापलं.

पवळी आमची गाभण गाय. सरांशी भांडत होती ती माझी थोरली बहीण, म्हाळसाक्का. जनावरांच्या डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष. मागून हात घालून गाय किती महिन्याची गाभण ते सांगायचं, अशी परीक्षा. कॉलेजच्या गायी सगळ्या भाकड. आक्काच बोलून गेली, आमची आणते. आईनं तर पवळीच्या शिंगाला तेल लावलं, पाहुणी निघाल्यासारखं. मुकुंदवाडीवरून मी चालवत आणली.

सकाळपासून पोरं एकामागं एक कोपरापर्यंत हात घालत होती. कुणी म्हणं चार महिने, कुणी सहा. पवळी पाठ वाकवून कण्हायला लागली. आक्काच्या आधी बद्रीनाथ. आत चावी हरवल्यासारखा चाचपत होता. हात काढला तर मोजा लाल.

"घरची गाय म्हणून लई नखरे," बद्रीनाथ म्हणला.

"घरची नसती तरी थांबले असते."

"मार्क हात घालायचे असतात," सर म्हणले, "थांबायचे नाय."

आमच्या मेंढरं वळणाऱ्या घरात आक्काआधी कुणी बारावी बघितली नाय. मी तर नववीतच दप्तर फेकलं. आक्का डॉक्टर होणार म्हणून आई आत्तापासून सिल्लोडच्या पाहुण्यांना सांगत सुटलीय. हे सगळं आक्काला ठाऊक होतं. तरी तिनं कोरा मोजा काढून टेबलावर ठिवला.

"लिवा नापास. पण गाय सोडा."

सरांनी लिवलं. मग म्हणले, "पुढचा कोण? या."

पुढचा मोजा चढवायला लागला. मी दावं सोडलं, मधी आला त्याला ढकललं आन् पवळीला भायेर काढली.

दुपारी घरी आणली तवापासून पवळी कळा देतीय. दिवस भरले नायत अजून. आक्का तिच्या पाठीवर हात ठिवून बसलीय.

"डॉक्टर आण," म्हणली.

"तू हाईस की."

"मी नापास हाय. औषधाच्या चिठ्ठीवर माझी सही चालत नाय."

जवळ डॉक्टर एकच, तेच सर. आक्का म्हणती, पाय धर पण आण. जातो मी आता.