मोटारीचा मुकादम

त्या रविवारी विहिरीवरच्या मोटारघरात आप्पा जुन्या कॉम्प्युटरवरची धूळ रंगाच्या ब्रशनं झाडत होते आणि त्यांची लेक अक्षदा दारात उभी राहून पेरू खात होती. वीज घडीघडीला जात होती, येत होती. कळंबच्या शिवारातल्या कुठल्याही रविवारसारखाच तो रविवार.

आप्पांचं, म्हणजे चांगदेवांचं, हायवेला मोटार रिवायंडिंगचं दुकान. कुणी भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर त्यांनी उचलून आणला आणि विहिरीवरच्या मोटारीला जोडला. थ्री-फेज वीज आली की हा डबा जागा व्हायचा, तिन्ही फेज नीट आहेत का ते बघायचा, मोटार सुरू करायचा आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर ‘पाणी आलं’ असा मेसेज धाडायचा. उसात बिबट्या असताना रात्री कुणाला शेतात जावं लागू नये, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

डबा यायच्या आधी हे काम माणसांकडून व्हायचं. मोटार सुरू केली की आप्पा मोटारघरातून हाळी द्यायचे, “आलं का?” शेताच्या पार त्या टोकाला पाइपाच्या तोंडाशी लहानगी अक्षदा उभी असायची. पाणी आलं की ओरडून सांगायचं, एवढंच तिचं काम. पण तिचा आवाजच फुटायचा नाही. ती आईचं लाल फडकं हलवायची. ऊस उंच झाला की ते फडकंही दिसेना. मग आप्पा हौदावर चढून मान उंचावून बघायचे. पुढं ती शिकली, पुस्तकांत रमली, पुण्याला कॉम्प्युटरच्याच कामाला लागली. बोलणं मात्र होतं तेवढंच राहिलं.

“तू काय कधी वरडली न्हाईस,” आप्पा त्या रविवारी ब्रश झटकत म्हणाले, “म्हणून शेवटी ह्या डबड्याला बोलाय लावलं.”

अक्षदा हसली आणि पेरूची उरलेली फोड तिनं त्यांच्या हातावर ठेवली.

डबड्याचं दुखणं एकच होतं. वीज आल्यावर त्याला उठायला चार-पाच मिनिटं लागायची आणि तेवढ्यात वीज परत जायची. उठतो, पडतो, उठतो. सिस्टीमच्या पोटात जो मुख्य भाग असतो, कर्नल, त्याला आप्पा मुकादम म्हणत. प्रत्येक प्रोग्रामनं आपलं काम मुकादमाला सांगायचं आणि त्यानं ते यंत्राकडून करून घ्यायचं, ऊसतोडीच्या टोळीत चालतं तसं. आयता मिळालेला हा मुकादम जगभरच्या यंत्रांची ओळखपाळख सोबत घेऊन उठत होता. आपल्या एका मोटारीपुरता, सडसडीत मुकादम आपणच घडवायचा, असा आप्पांचा बेत होता. पुढच्या रविवारी बसू, असं अक्षदानं कबूल केलं आणि दुपारची एसटी धरली.

बुधवारी दुकानात मोटार उघडून बसले असताना आप्पांच्या छातीत कळ आली. मंचरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दशक्रिया झाली, पाहुणे गेले. ऊस तहानला होता आणि येत्या सोमवारपासून वीज रात्रीचीच मिळणार होती. आप्पांचे धाकटे भाऊ सावळेरामनाना तसे वाकडं बोलणारे नव्हेत. रविवारी दुपारपर्यंत डबडं नीट चाललं तर ठीक, नाहीतर ते काढून बाजारातला तयार ऑटो-स्टार्टर बसवतो, एवढंच ते म्हणाले. त्यांचंही खरं होतं. पण तो डबा निघाला की मोटारघरात आप्पांच्या हातचं काहीच उरणार नव्हतं. अक्षदा फक्त मान हलवून उठली आणि तिनं लॅपटॉप काढला.

शनिवारी नानांनी वायरी सोडवून दिल्या आणि तिनं डबा घरी आणून पडवीत मांडला. कर्नलचा सगळा मूळ कोड उतरवून घेतला आणि मुकादमाला काय काय ओळखता यायला हवं ते निवडायला बसली. हजारो प्रश्न, प्रत्येकाला हो नाहीतर नाही. वायफाय? नाही. कॅमेरा? नाही. गाणी वाजवायचं कार्ड? नाही. मेसेज धाडणारं मोडेम? हो, हो. एकेक नको ते निघत गेलं तसतसा मुकादम हलका होत गेला आणि तिचे हात भराभर चालू लागले. किती दिवसांनी तिला कडकडून भूक लागली.

आई समोर कांदे निवडत होती. “काय करतीस गं मघाधरनं?”

“खुरपतेय.”

“पीक वळखून तण काढ म्हंजी झालं.”

अक्षदाला खुदकन हसू आलं. आईलाही आलं, पण तिनं ते पदरात लपवलं.

नव्या मुकादमाची बांधणी सुरू झाली. ओळींमागून ओळी धावू लागल्या, लॅपटॉपचा पंखा मळणीयंत्रासारखा घुमू लागला. तयार झालेला मुकादम तिनं पेनड्राइव्हवरून डब्यात नेऊन बसवला. जुना पुसला नाही, बाजूला ठेवला. नवा स्टार्टर चालेपर्यंत जुना भंगारात टाकायचा नाही, हा दुकानातला नियम तिला पाठ होता. मग बटण दाबलं. पडद्यावर चार ओळी चमकल्या, आणि आईनं दुसरा कांदा हातात घ्यायच्या आत डबा जागा. तिनं तो बंद केला आणि परत उठवला. पुन्हा तसाच. मग अजून एकदा, नुसतं बघायची हौस म्हणून.

रविवारी नानांनी डबा मोटारघरात जाग्यावर बसवला, वायरी होत्या तशा जोडल्या. नाना हातात टेस्टर घेऊन उभे होते. वीज आली, डबा टुणकन उठला, तिन्ही फेज नीट असल्याचंही पडद्यावर आलं. पण मोटार गप्पच. नानांनी टेस्टर खिशात घातला.

“ऱ्हाऊ दे बाय,” नाना हळूच म्हणाले. “लई केलंस तू.”

अक्षदा डब्याच्या मागं वाकली. आप्पांनी मोटारीच्या स्विचची वायर प्रिंटर जोडायच्या रुंद तोंडात बसवली होती. काल प्रिंटरच्या पोर्टचा प्रश्न आला तेव्हा, आपल्या शेतात कुठला आलाय प्रिंटर, म्हणून तिनं खुशाल नाही म्हटलं होतं. पीकच उपटलं होतं तिनं.

तिनं नानांना जरा थांबायला सांगितलं आणि उंबऱ्यावरच बसकण मारली. वीज जाईल की, नाना म्हणाले. जाऊ द्या, लॅपटॉपला बॅटरी आहे, ती मान वर न करता म्हणाली. प्रिंटरचं पोर्ट? हो. पुन्हा बांधणी. या वेळी बहुतेक सगळं कालचं तयारच होतं, त्यामुळं आईनं धाडलेला चहा निवायच्या आत काम उरकलं. पेनड्राइव्ह डब्यात गेला, बाहेर आला.

तिनं मेन स्विच पाडला. मग वर केला.

डबा उठला. टक्.

नाना दचकून मागं सरले आणि विहिरीत मोटार घुमू लागली. अक्षदाच्या खिशात मोबाइल थरथरला. तिनं तो बघितला नाही. ती बांधावरून पळत सुटली होती. उसाची पाती हाताला ओरबाडत होती, एक चप्पल मागंच राहिली. पार त्या टोकाला, पाइपाच्या तोंडाशी ती धापा टाकत पोचली. पाइप आधी खोकला, मग त्यानं वारा सोडला आणि मग मनगटाएवढी धार धाडकन मातीत पडली. ऊस डोक्याच्या वर गेला होता. इथून मोटारघर दिसत नव्हतं.

“आलं का?” उसापलीकडून नानांची हाळी आली. आवाज हुबेहूब भावाचा.

अक्षदानं छाती भरून घेतली.

“आलं! आप्पा, पाणी आलं!”