अंगावरचं

तोंडावर मी शिवराजला 'अहो' म्हणते. इथं मात्र 'तो' म्हणणार आहे, कारण ती अदब आता माझ्यात उरलेली नाही.

आमची पोरगी आठव्या महिन्यातच झाली आणि महिनाभर काचेत होती. तिला ओढायची ताकद नव्हती, म्हणून मी पंपानं दूध काढायचे आणि नर्स नळीनं द्यायच्या. घरी आल्यावर नळी गेली, बाटली आली. तीन महिने हेच चाललं. दिवसातून आठ वेळा पंप आणि आठ वेळा त्याची उकळाउकळी. त्यात दुष्काळाचं वर्ष. शेंद्र्याच्या रस्त्याला आमची कॉलनी नवीन, नळ अजून पोचलेला नाही, बोअर फेब्रुवारीतच आटलेलं आणि टँकर त्याच्या मर्जीचा. सासूबाई, मनकर्णाबाई, पातेल्याकडं बघून म्हणायच्या, "एवढ्या पाण्यात एक म्हैस धुऊन निघली असती!" मी हसायचे. पण माझं लेकरू माझ्याच अंगावर पीत नाही, हे मला आत सलत होतं.

लसीच्या दिवशी दवाखान्यातल्या हिमानी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "येईल की अंगावर. पण दहा दिवस बाटली पूर्ण बंद. उघड्या छातीशी धरा, पेंगत असेल तेव्हा लावा, उरलेली भूक वाटी-चमच्यानं भागवा. मधे एकदा जरी बाटली दिली, तर ती बाटलीचीच वाट बघत बसेल."

घरी आल्यावर मी शिवराजला आणि सासूबाईंना समोर बसवलं. "दहा दिवस फक्त अंगावरचं. कबूल?"

"कबूल," शिवराज म्हणाला आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

पहिल्या दिवसापासून तिनं तोंड फिरवलं ते फिरवलंच. मी लावायचे, ती कमान करून मागं जायची, लालबुंद होऊन रडायची. वाटीतलं निम्मं गळ्यावरून ओघळायचं. त्यात फ्रिजमध्ये काढून ठेवलेलं दूध रोज कमी भरायला लागलं. मला वाटलं, मीच आटले. अळिवाचे लाडू खाल्ले, शतावरी घेतली, सासूबाईंनी डिंक तळून दिला. पाचव्या दिवशी मी शिवराजच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. म्हटलं, "हिला मी नकोच आहे." त्यानं माझे डोळे पुसले.

त्या दिवसांत तो कामावरून आला की पोरीला गच्चीवर न्यायचा. "तू पड जरा," म्हणायचा, आणि अर्ध्या तासानं गाढ झोपलेली पोर आणून द्यायचा. शेजारच्या चारुताला मी कौतुकानं सांगितलं की नवरा असावा तर असा. आता ते आठवलं तरी जीभ हासडावीशी वाटते.

सहाव्या संध्याकाळी टँकर आला. टाकीचं झाकण उघडायला मीच वर गेले. टाकीच्या आडोशाला शिवराज मांडी घालून बसला होता आणि पोरगी डोळे मिटून बाटली पीत होती.

"काय करताय हे?"

तो दचकला, पण बाटली काढली नाही. "लई रडती गं. मला नाय बघवत."

"सिस्टर काय म्हणाली होती?"

"सिस्टरचं काय माहीत नाय. तू म्हणली, अंगावरचं. हे तुझंच हाय, फ्रिजमधलं. वरच्या दुधाचा एक थेंब दिला असंल तर सांग. म्या शब्द नाय मोडला."

शब्द माझाच होता, आणि वकिलासारखा तो त्यानं माझ्याच अंगावर फेकला.

"मग काल मी रडत होते तेव्हा का गप्प बसलात? हिला मी नको, असं म्हणत होते मी. तुम्हाला माहीत होतं."

खालून टँकरवाला ओरडत होता, "भाभी, पाइप पकडो!"

खाली येऊन मी सासूबाईंना एवढंच विचारलं, "बाटली उकळत कोण होतं?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "लेकरू तळमळत व्हतं माय. म्या पाणी तेवढं गरम करून दिलं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. बाटलीचं मला एवढं नाही. सहा दिवस मी स्वतःला वांझोट्या विहिरीसारखी समजत होते आणि घरातली दोन माणसं ते शांतपणे बघत होती.

मी पोरीला घेतलं, आतल्या खोलीची कडी लावली आणि दहा दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागले. पंप, वाटी, चमचा, सगळं माझ्याजवळ. जेवणाचं ताट दारात यायचं. मी कुणाशी बोलत नव्हते.

आठव्या दिवशी दुपारी ती पेंगत होती. मी थोडं दूध तिच्या ओठांवर पिळलं. तिनं जीभ फिरवली, तोंड उघडलं, आणि एकदम घट्ट धरलं. आधी नुसती ओढ, मग गिळल्याचा आवाज. पुन्हा एकदा. मग लागोपाठ. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या कपाळावर पडलं तरी तिनं सोडलं नाही.

दारावर टकटक झाली. शिवराजचा आवाज अगदी बारीक आला. "तनुजा, घेतलं का गं तिनं?"

साडेतीन महिने ज्याला हे सांगायचं म्हणून मी झुरले, तोच दाराबाहेर उभा होता.

"नाही," मी म्हणाले.

बाहेर तो भिंतीला टेकून खाली बसल्याचं कळलं. थोड्या वेळानं त्याचं मुसमुसणं ऐकू यायला लागलं. मी ते ऐकत राहिले, आणि पोरगी गटागटा पीत राहिली.