कातडीच्या रंगाचे हातमोजे

जयपूरमधल्या प्रताप नगरच्या दुकानात प्रणिताने हातमोज्यांचे डबे काउंटरवर मांडायला लावले. बाजारात आणलेल्या भाकड गाईसारखी तिची सासू, प्रभावतीबाई, पदराखाली हात लपवून बाजूला उभी होती.

"गाडी के काम के लिए काले वाले लीजिए," दुकानदार म्हणाला. "तेल-ग्रीस में सफेद वाले गल जाते हैं. सफेद बर्तन-झाड़ू को ठीक. और ये पन्नी वाले बस परोसने के."

काळा डबा प्रणिताने नवऱ्यासाठी घेतला. सतीशला सुट्टी मिळाली की गाडीच्या बॉनेटात डोकं खुपसून बसायचा नाद. पांढरा डबा मोरीतल्या भांड्यांसाठी. मग तिने आवाज खाली आणला. "भैया, चमड़ी के रंग के हैं? मतलब, दूर से पता न चले."

"साइज?"

"आई, हात दाखवा. नको, राहू दे! मीडियम दो."

प्रभावतीबाईच्या दोन्ही हातांवर कोड होतं. मनगटापर्यंत गोरेपणाच्याही पलीकडची पांढरी झाक, जशी कुणी ओल्या भिंतीवर चुन्याची बोटं ओढावीत. लागत नाही, दुखत नाही, असं डॉक्टर कधीचे सांगून गेलेले. प्रणिता विम्याच्या ऑफिसात जायची तेव्हा याच हातांनी तिची लेक तनया न्हाली, जेवली, झोपली. पाटावर पोरीला घेऊन म्हातारी गायची,

पांढरी माझी बोटं, जसं जोंधळ्याचं पीठ
नातीला न्हाऊ घालू, लागू नये तिला दीठ

आता त्या नातीला पाहायला पाहुणे यायचे होते. मुलगा ध्रुव तिच्याच बँकेतला, दोघांचं आधीच जुळलेलं. राहिली होती ती फक्त त्याच्या आईची, सुरुचीताईंची, मान हलायची.

"नीट ऐका," रिक्षात प्रणिता म्हणाली. "सुरुचीताईंसमोर मोजे काढायचे नाहीत. विचारलं तर साबणाची ॲलर्जी. तुमच्या हातांपायी हे स्थळ मोडलं ना, तर चाकसू गावापुढचा वृद्धाश्रम मी बघून ठेवलाय."

"अगं, पण मोज्यातून पुरण कसं कळायचं बोटाला?"

"पुरण नाही कळलं तरी चालेल, पाहुण्यांना हात कळायला नकोत."

म्हातारीने पदर हातांवर आणखी ओढून घेतला. नवरा गेल्यावर कराडचं घर विकून ती इथे आलेली, मागे परतायला उंबरा उरला नव्हता. देवापाशी तिचं मागणं एवढंसं: याच घराच्या कोपऱ्यात डोळे मिटावेत, आणि तेव्हा तनू जवळ असावी.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. सुरुचीताईंचं माहेर सिविल लाइंसमधलं, जन्म सगळा जयपुरात. मराठी अशी, की वरण करायला घ्यावं आणि दाल व्हावी. पुरणपोळीवर तुपाची धार ओढून त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या. "वा! किसने बनवली? मतलब, कोणी केली?"

"आजीनं," तनया हसून म्हणाली. "बोलावते थांबा."

प्रणिताने डोळे वटारले, पण पोर उठून गेलीसुद्धा. म्हातारी बाहेर आली. कातडीच्या रंगाचे म्हणून घेतलेले मोजे उजेडात मेणाच्या बाहुलीचे हात वाटत होते.

"आजीजी, घरात दस्ताने?"

"साबणाची ॲलर्जी हो," प्रणिता झटकन म्हणाली.

प्रभावतीबाईला खोटं पचत नसे. व्याह्यांशी नातं जोडायचं तर पायरीवरच कशाला खोटं पेरायचं, असं तिला वाटलं. "ॲलर्जी नाही हो बाई. कोड आहे मला. पुष्कळ वर्षं झाली."

सुरुचीताईंचा पदर नाकाशी गेला. "कोढ़?"

हिंदीत कोढ़ म्हणजे महारोग. मराठीतलं कोड त्यांच्या कानी कधी पडलंच नव्हतं. तनया पुढे झाली. "नाही मावशी, कोड म्हणजे…"

"मी तर वेगळंच समजले होते!" सुरुचीताईंनी छातीवर हात ठेवला. "मला वाटलं, सफेद दाग, पांढरे चट्टे. तसं असतं तर आम्ही आत्ताच उठलो असतो, सच्ची. खून में चलता है ते. जाऊबाईंकडे सून आली, मागून तिच्या पोरीच्या तोंडावर निघालं. कोढ़ का क्या, औषध आहे. माणूस वेगळा ठेवला की झालं."

तनयाच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. तिने ध्रुवकडे पाहिलं, मग आपल्या गुळगुळीत हातांकडे.

प्रणिताला दोन्ही भाषा येत होत्या. "कोढ़च आहे," ती शांतपणे म्हणाली. "बाहेरून लागलेला. आमच्या रक्तात काही नाही. आणि पोळ्या मी केल्यात हां, यांना आम्ही स्वयंपाकाला हात लावू देत नाही. आश्रमात सोडायचंच होतं."

"कधी?"

"आजच."

"मग आम्ही बसतो," सुरुचीताई म्हणाल्या. "त्या गेल्या की साखरपुड्याचं बोलू."

प्रभावतीबाईने लेकाकडे पाहिलं. सतीश गाडीची किल्ली शोधत होता. तिने नातीकडे पाहिलं. तनया जमिनीकडे बघत होती. एक मोजा ओढायचा अवकाश, दहाही बोटं धडधाकट दिसली असती, पांढरीशुभ्र. आणि पाहुणे उठले असते. तिची बोटं मोज्याच्या कडेपाशी गेली, तिथे थोडी रेंगाळली आणि परत आली.

"माझं लुगडं तेवढं बांधून दे, तनू," ती म्हणाली.

खाली सतीशने मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरलं. वर गच्चीत सुरुचीताई उभ्या होत्या, म्हणून त्याने काळे मोजे चढवून आईला दंडाला धरून बसवलं. "काही दिवसांचंच आहे, आई," तो पुटपुटला. काळ्या मोज्यातला हात तिच्या दंडावर होता आणि डोळे गच्चीकडे.

तनया गाठोडं घेऊन आली. खिडकीशी वाकली. "आजी, रागावलीस?"

"नाही गं बाळा. सुखी राहा." म्हातारीने हात उचलला आणि अर्ध्यातच थांबवला. "हे काढू का गं आता? जाताना एकदा तोंडावरून हात फिरवते तुझ्या."

तनयाने मान वळवून गच्चीकडे पाहिलं.

"इथे नको," ती हलकेच म्हणाली. "गाडी वळली की काढ."