एका वल्ह्याची गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे, विजेवर वाजणारी. मान चार बोटं जास्त लांब, डोकं मुळीच नाही, आणि मानेवरचे पडदे, म्हणजे बोटं ठेवायच्या त्या धातूच्या काड्या, इतक्या तिरप्या की पाहणाऱ्याला वाटावं, बसवताना सुताराला शिंक आली असणार. भिंतीवर टांगलेली असले तरी माझा जीव थाऱ्यावर नसतो. खिडकीतून नदी दिसते. होडी गेली की माझ्या तारा थरथरतात. घरचे म्हणतात, वारा. म्हणोत बापडे.

कारण मी मुळात वल्हं. माझी आणि माझ्या जोडीदाराची उमर पाण्यात गेली. आम्हाला चालवणारा नावाडी असा दणकट, की एकदा घाईत त्याने आम्हाला मारलं आणि होडी पलीकडे पोचली, उतारू मात्र अलीकडेच बसलेले राहिले. मी स्वतः तिथे होते, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही. पुढे नदीवर पूल झाला, नावाडी गेला, आणि आम्ही दोघं त्याच्या मुलाच्या शेडमध्ये कोपऱ्यात उभे राहिलो. हा मुलगा होड्या दुरुस्त करणारा सुतार.

सुताराला एक मुलगी. तिला सगळे घागर म्हणत, कारण ती बोलली की कुणी घागरीत तोंड घालून बोलतंय असं वाटे. तिला गिटार हवी होती.

"बाबा, दुकानातली नको. तुम्हीच करा."

"मी होड्या करतो गं. तुझी गिटार तरंगेल, वाजेलच असं नाही."

तरी त्याने मला उचललं. मूठ कुजली होती, तेवढी काढली. बाकी वडिलांचं वल्हं कापायला त्याचा हात धजेना. म्हणून मान लांब राहिली. डोक्यापुरतं लाकूडच उरलं नाही, तेव्हा खुंट्या त्याने धडाच्या बुडाशी बसवल्या. पडदे तिरपे का, तर एका बोटीवर पियानोचं झाकण दुरुस्त करताना त्याने आत डोकावलं होतं. जाड आवाजाच्या तारा लांब, बारीक आवाजाच्या आखूड. मग आपणही जाड तारेला जास्त लांबी दिली तर काय बिघडलं, असं म्हणून त्याने पडदे पंख्याच्या काड्यांसारखे पसरले.

घागरीचा मावसभाऊ चार जणांचा वाद्यवृंद चालवी. त्याला कोकीळ म्हणत. आवाज उंच, आणि जेवायला कायम मावशीच्या घरट्यात. मला पाहून तो म्हणाला, "काका, ही बिनडोक कुणावर गेली?"

"तुझ्यावर, दादा," घागर म्हणाली.

पण तिला त्याच्याबरोबर गायचं होतं, जीव टाकून गायचं होतं. मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला होता. कोकिळाने मला आपल्या पट्टीत आणायला घेतलं. लांब तारेला आखूड तारेइतकंच उंच बोलायला लावलं, तर ताण किती पडतो ते मला विचारा. मान धनुष्यासारखी वाकली. तारा तटातट तुटल्या. एक तर अशी उडाली की त्याच्या चहाच्या कपाचा कान घेऊन गेली. तिकडे घागरीचा गळाही तो रोज वर ओढत होता. बिचारी बिजागरीसारखी करकरे.

"एकतर हिची मान आखूड करून आण," तो म्हणाला, "नाहीतर पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजव."

घागर मला घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेली. कोकीळ मागोमाग, काम नीट होतंय का बघायला. दुकानदाराने माझ्या मानेवर पेन्सिलीची रेघ मारली. "इथून कापू. पडदे सरळ करू. पण आधी तारा सैल करायला हव्यात. एकदम सोडल्या तर मान झटका खाते."

तो थोडं थोडं उतरवू लागला, सगळ्या तारा सारख्या, आणि मधून मधून छेडून पाहू लागला. करवत शेजारीच पडली होती. माझं काय होत होतं, ते सांगत नाही. घागर जवळ उभी होती, आणि सवयीने तारांबरोबर गुणगुणत होती. तारा खाली आल्या, तिचा आवाज खाली आला. अजून खाली. मग एका जागी तिची करकर थांबली.

"थांबा, काका."

"अजून बरंच सैल व्हायचंय."

"नको. इथेच राहू द्या."

तिने मला मांडीवर घेतलं आणि गायली. कपाटाची काच गुणगुणली. बाहेर एक ट्रक आदराने बंद पडला. माझी वाकलेली मान सरळ झाली होती, आणि जाड तार अशी ठणठणीत बोलत होती की मलाच कळेना, हा आवाज इतके दिवस होता कुठे.

"ही माझी पट्टी नाही," कोकीळ म्हणाला.

"नाहीच आहे, दादा."

सभागृहातला कार्यक्रम तिच्याशिवाय झाला. ती शेडमध्ये गाऊ लागली. उलट्या ठेवलेल्या होड्यांवर लोक येऊन बसू लागले. कोकीळही यायचा, जेवणाच्या आधी. पुढे बाबा थकले, होड्यांचं काम तिच्यावर आलं, आणि मी तिथेच शेडमध्ये खिळ्यावर गेले. धूळ बसली. पेन्सिलीची रेघ मात्र तशीच आहे.

आणि माझी तगमगही. एका वल्ह्याची होडी पुढे जात नाही, मित्रांनो, जागच्या जागी गिरक्या घेते.

आज घागरीच्या मुलीने मला खाली काढलं. हिचा आवाज चिमणीचा. ती माझ्या खुंट्या पिळू लागली, आणि मला करवत आठवली.

"अगं, तिला नको ताणू," घागर म्हणाली.

"मग मी कशावर गाऊ?"

खुर्चीतला म्हातारा सुतार खाकरला. "कोपऱ्यात दुसरं वल्हं आहे की."

"आजोबा, ते कापणार तुम्ही?"

"कापायचं की ठेवायचं, ते मागाहून. आधी तू गाऊन दाखव. मग माप घेतो."

मित्रांनो, वस्तू असो की माणूस, आपल्या मापाने कापण्याआधी एकदा सैल सोडून बघा, आणि ऐका. एवढंच मागणं आहे. आता जरा गप्प बसा. ती गायला लागली आहे, आणि कोपऱ्यात माझा जोडीदार थरथरतोय. घरचे म्हणतात, वारा.