दुधाची गाठ

दातांत धरलेला हूक गार होता, त्याची लोखंडी चव जिभेवर उतरत होती, आणि तो काढून कापडाला टाचायचं सोडून विठा तसाच चावत बसली होती. मांडीवर लेकीचा, कुंदाचा, हळदीचा ब्लाउज. मशीन खिडकीशी, खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या घराची भिंत, त्या भिंतीवर ओल. अंबरनाथ पूर्वेला सगळी घरं अशीच एकमेकांच्या अंगावर रेललेली. या खिडकीतून तिला आजवर कुणी माणूस दिसलेलं नव्हतं, आणि तिलाही कुणी पाहिलेलं नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं होतं.

आज गुरुवार. हे कुणी सांगायला नको होतं. सकाळी डोळा उघडला तेव्हा पत्र्याच्या आधी गुरुवारच दिसला — आणि त्यामागून डॉक्टरबाई. मागल्या आठवड्यात शाळेत आरोग्याचं शिबिर भरलं होतं, सुईत दोरा ओवेनासा झाला म्हणून विठा चष्म्याचा नंबर काढायला गेली होती, डोळे दाखवून आपली निघायची. पण बाहेर पडायची वाट नेमकी एका पडद्यामागून होती, आणि पडद्यामागं कुंदाच्याच वयाची वाटावी अशी ती डॉक्टरीण प्रत्येक बाईला बसवून घेत होती. बोटांची टोकं नाही टोचायची, पेरं सपाट ठेवायची, अशी गोल गोल फिरवत काखेपर्यंत जायचं, महिन्यातून एकदा, घरच्या घरी... बोलता बोलता तिची बोटं विठाच्या डाव्या बाजूला थांबली. मागं आली. पुन्हा तिथंच थांबली.

"हे कधीपासून आहे, मावशी?"

"दुखत नाय," विठा म्हणाली.

"म्हणूनच विचारते. बहुतेक गाठी साध्या असतात. पण तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. गुरुवारी दुपारच्या आत उल्हासनगरच्या दवाखान्यात या, मी असते. लवकर आलात तर पुष्कळ काही करता येतं. दुखत नाही म्हणून घरी बसू नका."

पोरगी चांगली होती. पण तिला काय ठाऊक ती गाठ कुणाची होती ते!

विठाला मात्र ठाऊक होतं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तेल चोळताना बोट लागलं तेव्हा ती दचकलीसुद्धा नव्हती, जुन्या ओळखीचं माणूस वळणावर भेटावं तसं झालं होतं... तू व्हय? कुंदाच्या पाठीवरचं ते बाळ, तापात गेलेलं, बारसं झालं पण नाव तोंडात रुळायच्या आधीच गेलेलं — त्याच्या वाटणीचं दूध. बाळ गेलं तरी दुधाला कोण सांगणार? ते येतच राहिलं. सासू ते वाटीत पिळून घ्यायची आणि अंगणातल्या शेवग्याच्या बुडाशी ओतायची, मोरीत टाकायचं नसतं म्हणून, आणि छातीला घट्ट पट्टा आवळताना म्हणायची, "जिरव गो बाय, न्हाय त गाठ होऊन ऱ्हाते." म्हणजे राहिली. इतकी वर्षं कुठं लपून बसली होती आणि आता कुंदाच्या लग्नाच्या वर्षी बहिणीला बघायला वर आली, एवढंच. मोरीचं दार लावून ती रोज तिला हात लावायची. मनात हाक मारायची. ओ आल्यासारखं वाटायचं. वेडेपणा खराच, पण घरात बोलायला दुसरं होतं कोण? नवरा, हरिचंद्र, आगपेटीच्या कारखान्यातून यायचा तो गंधकाचा वास आणि मौन घेऊन.

आणि तरीही तिनं आज जायचं ठरवलं होतं. हूक टाचून झाला की उठायचं. अस्तराचं कापड संपलं, उल्हासनगरला कॅम्प पाचच्या सिंध्याकडून घेऊन येते, असं कुंदाला सांगायचं — खोटंही नव्हतं ते, अस्तर खरंच संपलं होतं. दवाखाना तिथून जवळ. डॉक्टरबाई हसून म्हणतील, मावशी, हे तर जुनं दूध. संपलं.

तिनं पिशवी खुंटीवरून काढली, चपलेत पाय घातला, आणि दारात बनूबाई उभी.

बनूबाई म्हणजे होणारी विहीण. शहाडची, अंगानं भरलेली, जिभेनं त्याहून भरलेली. हातात पातळाचा पुडा.

"कया चालली गो येहीन? मना बगून पलते का काय?"

"नय गो. अस्तर आनाला."

"अस्तर उद्या बी भेटल. बस."

उद्या अस्तर मिळेल. उद्या गुरुवार नसेल. विठानं चपला काढल्या.

चहा झाला. पोहे झाले. बनूबाईनं ब्लाउज उलटासुलटा करून पाहिला, शिलाईचं कौतुक केलं, मग पुडा सोडून हळदीत भिजायचं पातळ विठाच्या मांडीवर ठेवलं. येत्या गुरुवारी हळद होती. नवरीबरोबर नवरीच्या आईलाही पाटावर बसवायचं, पाच सवाष्णींनी हळद-तेल चोळून न्हाऊ घालायचं, हे दोन्ही गावांत सारखंच.

"पाचांतली एक मीच," बनूबाई म्हणाली. "मी सोता न्हाऊ घालीन तुना. मना पोर देतस ती, मंग तुजी पाठ नको का चोलाला?"

तिला बहिणीसारखी माया होती, हीच तर पंचाईत होती. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात. विठाच्या नशिबी त्याहून पुढचं, चोळणारी विहीणच. तेल लावलेला जाडजूड मायाळू हात खांद्यावरून खाली येणार, काखेशी जाणार, थांबणार... आणि ह्याच बनूबाईनं सुपारी फुटायच्या दिवशी भर बैठकीत विचारलं होतं, घरात कोणाला मोठं दुखणं नाय ना, पोरीच्या आईकडून पोरीत येतंय म्हणतात. हरिचंद्र चटकन म्हणाला, नाय. त्याला ठाऊकच नव्हतं, तो कसा खोटा? खोटी ती. ती तेव्हा पदर ओढून सुपाऱ्या वेचत होती.

तिच्या डोळ्यांपुढं चिमी मावशी उभी राहिली. मावशी मागच्या पडवीत निजायची, चोळीत ओलं फडकं कोंबून. वास यायचा म्हणून बाया तिच्याशी लांबून बोलायच्या. भगत आला, लिंबू उतरलं, कोंबडं दिलं. बाहेरचं आहे म्हणाले. सुरुवातीला केवढं होतं, कुणी विचारलं नाही. मावशीनंही सांगितलं नाही, कारण तेव्हा तिच्याही घरात लग्न होतं. पोराचं. लग्न थाटात झालं... दुसऱ्या वर्षी फडकं. मावशीला आधी दुखत होतं का? विठाला एकदम ते विचारावंसं वाटलं, पण विचारणार कुणाला?

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बारावर चढला, उतरला. बनूबाई वाड्यातल्या सगळ्या बायांची उणीदुणी काढून, सुपारी तोंडात टाकून, मजेत निघून गेली. जाताना तिनं विठाच्या पाठीवरून हात फिरवला. विठाचं अंग आक्रसलं, आणि वर हसूही फुटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दुसरा काय असतो?

दुपारी तिनं कुंदाला उभं केलं. ब्लाउज अंगात बसला होता, बगलेत जरा ओढत होता. "हात वर," विठा म्हणाली. कुंदानं हात वर केला, डोक्यामागं नेला, आणि विठाची बोटं शिलाईवरून फिरता फिरता — तिनं असं ठरवलं नव्हतं — सपाट झाली. टोकं नाही, पेरं. गोल गोल. काखेपर्यंत, परत खाली.

"आये, यो कनचा माप गो?" कुंदा अंग चोरून हसली. "गुदगुल्या होतान."

"गप ऱ्हा. यो बी मापच हाय."

मऊ. सगळीकडे मऊ, तळाशी जरा दाणेदार, बोटाखालून सरकणारं, ऊबदार. कुठं अडत नव्हतं. विठाचा श्वास सुटला, इतका आनंद तिला पोरीचं लग्न ठरलं तेव्हाही झाला नव्हता. दुसरी बाजू. तिथंही काही नाही. कुंदानं तोंड वाकडं केलं, "जरा हलू, दुखते," आणि त्या एका शब्दाशी विठाची बोटं थांबली.

दुखतं.

दूध दुखायचं. हे ती विसरली कशी? ते बाळ गेल्यावर छाती दगड झाली होती, ठणकत होती, पदराचा स्पर्श सोसत नव्हता, पट्टा आवळताना ती सासूच्या हातात कण्हली होती, शेवग्याखाली दूध ओतलं जायचं तेव्हा सुटल्यासारखं वाटायचं. चार दिवसांच्या दुधानं तिला रडवलं होतं. आणि हे, इतक्या वर्षांचं म्हणून जपलेलं, दिवाळीपासून रोज चाचपलेलं, एकदाही दुखलं नव्हतं. एकदाही हललं नव्हतं. जिथं होतं तिथं रुतून बसलं होतं.

"असं दर म्हयन्याला करावं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "सोताच्या हातानं. सासरी गेलीस तरी. काय लागला त लपवाचं नय. मना सांगाचं."

"आनि तुजा कोन बगते?" कुंदानं विचारलं. थट्टेतच विचारलं, आणि थट्टेतच हात पुढं केला. "आन, मी माप घेतंय."

विठाचा डावा दंड आपोआप अंगाला चिकटला. पुढचा गुरुवार हळदीचा. मांडव, पाट, बनूबाईचा तेलाचा हात... त्यापलीकडचा गुरुवार तिला दिसेचना, खिडकीबाहेर तीच ओली भिंत. सांगावं तर पोरीचं मोडेल. न सांगावं तर पडवी, फडकं. दाराला आतून कडी घालून रोज केलं तसं तिनं मनात हळूच हाक मारून पाहिली — तू व्हय?

आतून कुणी ओ दिली नाही. कुंदाचा हात अजून तसाच पुढं होता.